मणी वजा

मृगाच्या मागे-पुढे आठ-पंधरा दिवस आमच्या पतसंस्थेत सोनं यायचं. दिवाळीला माणसं सराफाकडून सोनं घरी नेतात आणि मृगाला घरून आमच्याकडे आणतात, असा आमच्या बेळगावचा वर्षाचा फेरा. बियाणं, खत, पोरांची फी, गळकं छप्पर, सगळं एकदम उभं राहतं. आणि घरात पैसा उभा करण्याजोगी वस्तू ही एकच, तीही विकायची नसते. तारण कर्जाच्या टेबलावर मी एकतीस वर्षं काढली. शेजारी तराजू, तराजूमागे आमचे सराफ अण्णा, त्यांच्या हाताशी कसोटीचा काळा दगड, आणि माझ्यापुढे छापील फॉर्म. रकाने ठरलेले : दागिन्याचा प्रकार, नग, एकूण वजन, वजा, निव्वळ वजन, मूल्य. शेवटच्या रकान्यात आकडा पडला की त्याच्या पंचाहत्तर टक्के कर्ज. ‘मूल्य’ ह्या शब्दाखाली मी आयुष्यात जेवढं लिहिलं तेवढं एखाद्या तत्त्वज्ञानेही लिहिलं नसेल. मी फक्त आकडे लिहिले, एवढाच फरक.

२००९ सालचा जून. बेळगुंदीकडची एक बाई आली. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, पायाला तांबडा चिखल. रताळ्याचे वेल लावायचे होते. तिने गळ्यातलं मंगळसूत्र काढून काउंटरवर ठेवलं आणि पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला. अण्णांनी ते तराजूत टाकलं, आकडा सांगितला, आणि मग नेहमीच्या सुरात म्हणाले, “मणी वजा, दोरा वजा, वाट्यांतली लाख वजा.”

बाई म्हणाली, “मणी का काढतासा अण्णा?”

“मण्याला काय किंमत आहे अक्का? काच ती.”

“पन मण्यांमुळंच त्ये मंगळसूत्र हाय न्हवं? मणी काढलं तर नुसत्या दोन वाट्या उरल्या.”

रांगेत कोणीतरी हसलं. अण्णा हसले नाहीत. ते तिला समजावून सांगू लागले, “हे बघा, उद्या कर्ज फिटलं नाही तर आम्ही हे वितळवणार. मुशीत घातल्यावर मणी राहत नाहीत. जे उरेल त्याचे पैसे.”

अर्थशास्त्राचा पेपर मी बी.कॉम.ला दोनदा दिला, कारण पहिल्यांदा नापास झालो. पण ‘जे वितळवल्यावर उरतं ते मूल्य’ ही व्याख्या मला कुठल्याच पुस्तकात भेटली नव्हती. आणि तिचा प्रश्नही कुठल्याच प्रश्नपत्रिकेत आला नव्हता. मी ‘वजा’च्या रकान्यावर पेन टेकवून थांबलो. पुढे त्या बाईने काय केलं ते नंतर सांगतो.

‘मूल्य’ हा आमच्या फॉर्ममधला शब्द, तोंडातला नव्हे. खासबागच्या रविवारच्या बाजारात उभे राहा, तो शब्द तुम्हाला दिवसभर ऐकू येणार नाही. तिथे ‘काय भाव?’ असतो, ‘कसं दिलं?’ असतं, आणि पुढची बाई कन्नड आहे असं वाटलं तर ‘एष्टु?’. आकडे कन्नडमध्ये, कुरकुर मराठीत, आणि शेवटची ‘कम्मी माडरी’, म्हणजे कमी करा, ही दोघांच्या मधली. कन्नडमध्ये किमतीला ‘बेले’ म्हणतात आणि पिकाला ‘बेळे’. एका ल-ळचा फरक. ‘बेळेगे बेले इल्ला’, पिकाला भाव नाही, हे वाक्य आमच्याकडे मराठी शेतकरीसुद्धा कन्नडमधूनच म्हणतो. मराठीत ते नुसतं रडगाणं वाटतं, कन्नडमध्ये त्याला यमक आहे.

मराठीनेही काही कमी करून ठेवलेलं नाही. आपला ‘भाव’ बाजारातही असतो आणि देवळातही. भाव तसा देव, आणि तोच भाव आज पडला, उद्या चढला. एखादा भाव खातो, एखाद्याला कोणी भाव देत नाही. पण मला ज्या शब्दाने सगळ्यात जास्त सतावलं तो म्हणजे मोल. मोलाने काम करते ती मोलकरीण. मोलमजुरी करतो तो मजूर. ज्याचं मोल होत नाही ते अनमोल. आता हे शब्द एका घरात आणून उभे करा. भांडी घासायला येणाऱ्या बाईला मोल मिळतं. तीच भांडी घरातली बाई घासते तेव्हा ती अनमोल असते. म्हणजे तिला काहीच मिळत नाही.

हा विनोद माझा नाही, शब्दांनीच करून ठेवलेला आहे. इंग्लंडात पिगू नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी हेच दुसऱ्या बाजूने सांगितलं होतं : एखाद्याने आपल्या घरकामाच्या बाईशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न घटतं. काम तेच, बाई तीच, पगार बंद. म्हणून हिशोबातून गायब. आपल्या सरकारने २०१९ साली देशभर पाहणी केली, कोण दिवसातला किती वेळ कशात घालवतो त्याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत बायकांचा दिवसाला सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७. ही पाच तासांची मिनिटं राष्ट्रीय उत्पन्नात कुठेच नाहीत. मणी वजा.

मी वडगावचा. आमच्या गल्लीत मी लहान असताना घरागणिक माग होता. खड्ड्याचा माग, विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि दिवसरात्र खटक-खटक. परगावचा पाहुणा रात्री मुक्कामाला राहिला की सकाळी सांगायचा, आवाजाने झोप लागली नाही. आम्हाला तो आवाज थांबला की जाग यायची. शहापूर, वडगाव, खासबाग, हा सगळा विणकरांचा पट्टा. त्यातलं शहापूर तर एके काळी सांगली संस्थानात होतं, म्हणजे गल्ली ओलांडली की राज्य बदलायचं. सीमाप्रश्नाची सवय आम्हाला तशी जुनीच.

सावकार सूत द्यायचा, बाबा विणायचे, लुगडं सावकाराकडे जायचं आणि लुगड्यामागे मजुरी मिळायची. मजुरी बाबांच्या हातात यायची, बाबांच्या नावाने लिहिली जायची. इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण लुगडं नुसत्या विणण्याने होत नाही. आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या बाबांच्या धोट्यात जी सुताची कांडी असायची ती रिकामी झाली की दुसरी लागायची, लगेच. ती कांडी आई भरायची. रहाटासमोर बसून, लडीवरचं सूत कांडीवर घ्यायचं. सैल पडलं तर विणताना तुटणार, जास्त घट्ट झालं तर अडकणार. एका लुगड्याला चाळीस-पन्नास कांड्या. शिवाय ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावायची, तुटलेले धागे सांधायचे, आणि ह्या सगळ्याच्या आधी, मध्ये आणि नंतर स्वयंपाक. शाळेतून आल्यावर मी आणि ताई रहाटावर बसायचो. त्याला काम म्हणायची पद्धत नव्हती. ‘जरा हात लाव’ म्हणायची पद्धत होती.

आता गंमत अशी की ज्या घरात बाई नव्हती किंवा पोरं लहान होती, ते विणकर पैसे देऊन कांड्या भरून घ्यायचे. आमच्या मागच्या गल्लीतली एक म्हातारी शेकड्यावर कांड्या भरून द्यायची. म्हणजे कांडीला भाव होता. सगळ्या गल्लीला तो माहीत होता. फक्त आई भरत होती तेव्हा तो लागू होत नव्हता.

बाबा काही वाईट माणूस नव्हते. उलट चारचौघांत ते म्हणायचे, “माझा माग हिच्या जिवावर चालतो.” खरंच मनापासून म्हणायचे. आई ते ऐकून आत जायची. तेव्हा वाटायचं लाजून जाते. आता वाटतं, चुलीवर काहीतरी असायचं.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात मूल्याचा धडा पाणी आणि हिऱ्याने सुरू व्हायचा. ॲडम स्मिथने १७७६ साली विचारलेलं कोडं : पाण्याशिवाय माणूस मरतो आणि पाण्याला किंमत नाही, हिऱ्याचा उपयोग काय, तर त्याला प्रचंड किंमत. त्याचं उत्तर पुढच्या शतकात, १८७१ च्या सुमाराला इंग्लंडात जेव्हन्स आणि व्हिएन्नात मेंगर ह्यांनी दिलं. किंमत ठरते ती सगळ्या पाण्याची नव्हे, तुम्ही घेता त्या पुढच्या एका घोटाची. घोट भरपूर असले की पुढचा घोट फुकट. हे उत्तर मला परीक्षेत लिहिता आलं नाही, पण एप्रिलमध्ये राकसकोपचं धरण तळाला जातं आणि गल्लीत टँकर येतो तेव्हा ते माझ्या बायकोलाही समजतं. आणि स्मिथसाहेबांना कणकुंबीला आणून उभं करायला मला आवडलं असतं. तिथे मलप्रभा उगमाशी इतकी बारीक आहे की पोरगं उडी मारून पलीकडे जाईल, आणि तिथूनच जवळ म्हादईचं पाणी इकडे वळवण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र लवादापुढे उभे राहिले. २०१८ साली निकाल लागला, कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी. पॉइंटनंतर दोन आकडे! हिरेसुद्धा इतके काटेकोर कोणी वाटून घेत नसेल.

स्मिथ मुळात ग्लासगोला नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे मोल आणि नीती एकाच माणसाच्या डोक्यात, एकाच टेबलावर होती. नंतर कधीतरी त्यांची वाटणी झाली. भावकीत होते तशी.

ती वाटणी परत मोडायचा एक प्रयत्न आमच्याच गावात झाला, आणि त्याचं मला अजून नवल वाटतं. डिसेंबर १९२४, टिळकवाडी. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, बेळगावच्या अधिवेशनात. शाळेत असताना आम्हाला काँग्रेस विहीर दाखवायला नेलं होतं. गुरुजींनी गंगाधरराव देशपांड्यांनी केलेली तयारी सांगितली, गंगूबाई हनगल लहान मुलगी असताना तिथे स्वागताचं पद गायल्या हे सांगितलं, आणि विहिरीच्या काठावर वाकू नका असं सांगितलं. जे सांगितलं नाही ते असं : काँग्रेसचं सभासद व्हायला तोवर चार आणे वर्गणी होती. बेळगावात ठरलं की पैशाऐवजी सूत द्यायचं. दरमहा दोन हजार वार, स्वतः कातलेलं.

विचार करा. श्रीमंत वकिलाला चार आणे म्हणजे काहीच नाही, मजुराला ती दिवसाची भाकरी. पण दोन हजार वार सूत दोघांनाही तेवढाच वेळ बसवतं. गांधीजींनी नाणंच बदलून टाकलं. ज्याच्याकडे पैसा त्याचा वजन-वट्टा, हे मोडून हाताच्या कष्टाला चलन करायचं. चार आण्यांच्या जागी महिन्यातले इतके तास.

पण त्या ठरावाच्या पोटात एक पळवाट होती. आजारपण, अनिच्छा किंवा तशाच काही कारणाने स्वतः कातता आलं नाही, तर तेवढंच दुसऱ्याने कातलेलं सूत चालेल. ‘अनिच्छा’! मी तारणाचे एवढे करार वाचले, इतका मोठा दरवाजा एका शब्दात कुठे पाहिला नाही. झालं ते होणारच होतं. ज्याला कातायचं नव्हतं त्याने सूत विकत आणलं, आणि श्रमाचं नाणं फिरून चार आण्यांवर आलं. १९२५ च्या सप्टेंबरात नियमच बदलला, चार आणे किंवा सूत, काय हवं ते द्या. वर्षही पुरं झालं नव्हतं.

मी हे आईला वाचून दाखवलं. तिचं वय आता चौऱ्याऐंशी. ऐकायला कमी येतं, पण सुताचं म्हटलं की येतं. ती म्हणाली, “दोन हजार वार म्हंजे काय लई न्हाई. पन त्या मेंबरांच्या घरात कातलं कोनी, ते लिवलंय काय तुझ्या पुस्तकात?”

लिहिलेलं नाही. पण मला एकदम दिसलं, गावोगावचे किती तरी सभासद ‘स्वतः कातलेलं’ म्हणून सूत जमा करताहेत, आणि घरात मागच्या पडवीत दुसरंच कोणीतरी चरख्यापुढे बसलंय. त्याला पळवाटीचीसुद्धा गरज पडली नसेल. घरातल्या बाईने कातलं म्हणजे घरधन्याने कातलं, हा हिशोब ठरावाच्या आधीपासूनचा आहे. गांधीजींवर माझी श्रद्धा आहे आणि तरी हे मला दिसायचं थांबत नाही.

मधली अडीच वर्षं मी निपाणीच्या शाखेत होतो. तिथे तारण यायचं ते बारीक. विड्या वळणाऱ्या बायकांचं डोरलं, नथ, पोराच्या कानातलं. विडीची मजुरी हजारावर. हजार विड्या दिल्या की त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला निघायच्या. वळण बरोबर नाही, पान फाटलंय, काहीही. छाट विडीचे पैसे नाहीत. ठीक, माल खराब म्हणून पैसे नाहीत, हे समजण्यासारखं आहे. पण छाट विडी परतही मिळत नसे, ही बायकांची तक्रार होती. एक बाई मला म्हणाली, “साहेब, माल वंगाळ हाय तर फेका की. ठेवून का घेतासा?” मला उत्तर सुचलं नाही. शून्य किंमतीची वस्तू कोणी इतकी सांभाळून ठेवतं का?

निपाणीचं नाव घेतलं की १९८१ आठवतंच. मी तेव्हा वीस वर्षांचा. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला, रस्त्यावरच गाव वसवून बसले. शरद जोशी पुढे होते. मराठी आणि कन्नड शेतकरी एकाच मांडवात. आमच्या भागात ही गोष्ट आवर्जून सांगावी अशी आहे, कारण ती रोज घडत नाही. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. त्या आधीही आणि नंतरही शेतकऱ्याला अन्नदाता, बळीराजा, पोशिंदा सगळं म्हटलं गेलं. त्यांनी ह्यातलं काहीच मागितलं नव्हतं. राजा म्हणा अशी कोणाची मागणी नव्हती. किलोला किती, एवढंच विचारत होते.

इथे आलो की मला स्वतःचं मत सोपं वाटू लागायचं. ‘अनमोल’ म्हणजे फुकट घ्यायची सभ्य रीत. आधी भाव द्या, मग आरती ओवाळा. बरीच वर्षं मी हे मत घेऊन फिरलो. कोणाच्या सत्काराला गेलो की शाल-श्रीफळाकडे बघून विचारायचो, मानधन दिलंत का? लोक मला टाळू लागले. मग मामाचं प्रकरण झालं.

माझा मामा येळ्ळूरचा. आता त्या शिवाराचा भाव लोक गुंठ्यावर बोलतात, पण तेव्हा तिथे बेळगावचा बासमती पिकायचा. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळच्या शिवारातला हा तांदूळ. भात शिजत असताना शेजारी विचारायला यायचे, कोण पाहुणा आलाय? सुगी झाली की मामाकडून आम्हाला वानोळा यायचा. मी न्यायला गेलो तर समोर मोजून घालायचा, पायलीने. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. आणि प्रत्येक माप शिगोशीग. वर टोक यायचं, दोन-चार दाणे ओघळायचे, तो ते ओघळू द्यायचा.

एका वर्षी पावसाने पीक पडलं, निम्मंच हाती आलं. तरी मामाने तांदूळ मोजला. मी नुकताच शाखाधिकारी झालो होतो, खिशात पैसे होते, डोक्यात रास्त भाव होता. जाताना पाकीट पुढे केलं. रविवार पेठेत चौकशी करून, बरोबर हिशोब करून भरलेलं पाकीट. म्हटलं, “मामा, कष्टाचे आहेत, घेच.” मामाने पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, बंडीच्या खिशात ठेवल्या. काही बोलला नाही. मला बरं वाटलं. एकदाचं कोणीतरी कोणालातरी नीट पैसे दिले.

पुढच्या वर्षी पीक चांगलं आलं. मी गेलो. मामाने पायली काढली. भरली. आणि तिच्यावरून तळहात फिरवून सपाट केली. वरचे दाणे परत राशीत पडले. प्रत्येक मापाला तळहात. शेवटी म्हणाला, “पेठेत आज काय भाव हाय ते बघून दे.”

त्यानंतर तो गेला तोवर मी त्याचं गिऱ्हाईक होतो. बोलणं-चालणं सगळं व्यवस्थित. मामी चहा द्यायची. फक्त शीग परत आली नाही.

ह्यावर मी बराच काळ कुढत होतो. आईच्या कांड्यांना पैसे मिळाले नाहीत म्हणून चूक झाली, आणि मामाच्या तांदळाला पैसे दिले म्हणून चूक झाली. दोन्हीकडे माझंच बरोबर कसं नाही? बायकोने सोडवलं. ती म्हणाली, “मामांनी द्यायचं ठरवलं होतं. आईंना कोणी विचारलं होतं?”

एवढंच आहे ते. एखाद्या वस्तूची किंमत करू नये, ती हिशोबात धरू नये, हे म्हणायचा हक्क देणाऱ्याचा. मामाचा होता. बाबांना तो नव्हता, कारण ते घेणारे होते. त्यांनी कितीही मनापासून म्हटलं तरी. छाट विडीला शून्य ठरवणाऱ्यालाही तो नाही, कारण विडी त्याच्याच खिशात जाणार. आणि मलाही, पाकीट पुढे करताना, तो नव्हता. मी मामाचा ‘लाभ’ खोडून तिथे ‘एक’ लिहिला.

आता ती बेळगुंदीची बाई. अण्णांनी मुशीचं सांगितल्यावर ती क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, “मग मणी तुमाला कशाला? माझं मला द्या.” मंगळसूत्र उचललं, बाकावर बसली, दाताने दोरा तोडला आणि वाट्या काढून पदराच्या टोकात धरल्या. मण्यांना गाठ मारून सर परत गळ्यात बांधला. एक मणी घरंगळत बाकाखाली गेला, तो रांगेतल्या एका म्हाताऱ्याने वाकून शोधून दिला. मग वाट्या काउंटरवर ठेवून म्हणाली, “ह्यातलं काय वजा करायचं ते करा आता.” अण्णांनी लाखेपुरतं वजा केलं. माझ्या फॉर्ममध्ये दागिन्याचा प्रकार ‘मंगळसूत्र’ लिहिलं होतं. ते खोडून ‘वाट्या, नग २’ लिहिलं आणि बाजूला सही केली.

मार्गशीर्षात तिने त्या सोडवून नेल्या. व्याज एक दिवसही चुकलं नव्हतं.

असं नाही की मला हे कळल्यावर मी शहाणा झालो. दर १७ जानेवारीला मी हुतात्म्यांना वंदन करायला जातो. १९५६ साली ह्याच भाषेसाठी माणसं गेली, तिथे उभा राहिलो की घसा दाटतो, ते खोटं नाही. आणि माझा मुलगा इंग्रजी शाळेत शिकला. फी मीच भरली, वेळच्या वेळी. ज्या मराठी शाळेत मी शिकलो तिथे आता वर्गात पोरं किती उरलीत ते मला माहीत आहे, कारण तिथल्या बाई आमच्याच गल्लीत राहतात आणि मी भेटलो की हसतात. त्या हसण्यात काय असतं ते मी विचारत नाही. मराठी अनमोल आहे हे मी भाषणात म्हणतो तेव्हा मी देणारा असतो की घेणारा, हा प्रश्न मला वडगावच्या चढावर सायकल ढकलताना पडतो आणि घर आलं की मी तो दाराबाहेर ठेवतो.

निवृत्त झाल्यावर वेळ होता. माग कधीच गेले. यंत्रमाग आले, त्यातलेही बरेच बंद पडले. आमचा रहाट माळ्यावर होता तो खाली काढला, पुसला. आई त्याच्याकडे बघतही नव्हती. मी वही घेतली. बाबा महिन्याला किती लुगडी उतरवायचे, एका लुगड्याला किती कांड्या, आई किती वर्षं बसली, मागच्या गल्लीतली म्हातारी शेकड्याला काय घ्यायची. आकडे आईनेच सांगितले. कुठल्या साली भाव वाढला तेही. तिला सगळं पाठ होतं, बाबांची मजुरी जेवढी पाठ होती त्याहून पक्कं. म्हणजे इतकी वर्षं हा हिशोब कुठेतरी चालू होताच. फक्त वहीत नव्हता.

दोन दुपारी गेल्या. ताईच्या आणि माझ्या हातच्या कांड्या वगळायच्या का, ह्यावर थोडा वाद झाला; आईने वगळू दिल्या नाहीत, “तुमाला बसवलं कोनी?” म्हणाली. शेवटी बेरीज केली. खाली दोन रेघा ओढल्या, आकडा लिहिला आणि वही तिच्यापुढे धरली. माझे डोळे जरा ओले झाले होते. तिने चष्मा लावला, आकड्यावर बोट ठेवून वाचला.

“आनि व्याज?”

मी तिच्याकडे बघत राहिलो. “किती टक्क्याने धरू?”

“तू त्या बायकांकडनं घेत हुतास, तेवढ्याच धर.”